ओसाड म्हणून नोंदलेला मुलूख

चिलीच्या अगदी दक्षिणेला, मॅगेलनच्या सामुद्रधुनीच्या काठी पुन्ता आरेनास नावाचं शहर आहे. वाऱ्याचा जोर फार वाढला की तिथल्या मध्यवस्तीत इमारतींच्या कडेने दोर बांधतात. म्हातारी माणसं, शाळेची मुलं, बाजाराला निघालेल्या बायका त्या दोराला धरून कोपरा ओलांडतात. ताशी शंभर किलोमीटरच्या पुढचे झोत तिथे नवलाचे नाहीत. आणि हे सगळं भर उन्हाळ्यात. आपल्याकडे सोसाट्याचा वारा म्हटलं की वादळाचे चार दिवस आठवतात. तिथे वसंतापासून उन्हाळा सरेपर्यंत वारा हाच ऋतू असतो. उलट हिवाळ्यात तो बराच निवळतो.

हा मुलूख म्हणजे पॅटागोनिया. दक्षिण अमेरिकेचं निमुळतं होत गेलेलं शेपूट. अर्जेंटिनाचा पाव हिस्सा आणि वर थोडा त्यात येतो, आणि तेवढाच भाग महाराष्ट्राच्या अडीचपट भरतो. शिवाय आंदीज पर्वताच्या पलीकडची चिलीची दक्षिण बाजू, आणि सामुद्रधुनीच्या खाली तिएरा देल फुएगो हे बेट.

शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी 'गरजणारे चाळीस' आणि 'खवळलेले पन्नास' पाठ केलेले असतात. दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांच्या खाली गेलं की पश्चिमी वाऱ्यांना अडवायला जमीन जवळपास उरतच नाही. टास्मानिया आणि न्यूझीलंड मागे पडले की सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांच्या खाली वस्तीची मोठी भूमी एकच, ती म्हणजे हे शेपूट. हजारो मैल मोकळ्या समुद्रावरून आलेला वारा पहिल्यांदा आदळतो तो इथे, आंदीजच्या भिंतीवर.

पुढचं गणित मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. घाटमाथ्यावर धो धो पाऊस आणि घाट उतरून माणदेशात गेलं की कोरडं आभाळ, ही पर्जन्यछाया आपण पाहतच आलो आहोत. पॅटागोनियात तोच खेळ फार मोठ्या पटावर चालतो. पश्चिमेच्या काही बेटांवर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, डोंगरावर त्याचा बर्फ होतो, आणि तो साचून साडेतीनशे किलोमीटर लांबीचं हिमपठार तयार झालं आहे. पर्वत उतरून पूर्वेला आलं की हाच आकडा दोनशे मिलिमीटरवर, कुठे कुठे त्याच्याही खाली येतो. गुडघाभर काटेरी झुडपं, गवताचे पिवळे झुबके, गोटे, आणि वारा. जिथे झाड टिकतं तिथे ते एकाच अंगाला वाढतं. खोड पूर्वेकडे झुकलेलं, फांद्या सगळ्या एकाच दिशेला. स्थानिक लोक त्याला झेंड्याचं झाड म्हणतात.

थंडीबद्दल मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. तिएरा देल फुएगोवरचं उशुआइया हे शहर दक्षिणेला जितक्या अंशांवर आहे, जवळपास तितक्याच अंशांवर उत्तरेला मॉस्को आहे. मॉस्कोचा हिवाळा हाडं गोठवणारा. उशुआइयात मात्र हिवाळ्याचं सरासरी तापमान शून्याच्या थोडं वरच राहतं. कारण तिन्ही बाजूंना समुद्र. पण उन्हाळाही दहा अंशांच्या आसपासच घुटमळतो. म्हणजे जीव घेणारी थंडी नाही, पण अंग पुरतं वाळू न देणारा, कधी न संपणारा गारठा आणि वारा. या हवेत माणूस कसा राहत असेल, हा पहिला प्रश्न. आणि जे राहत होते त्यांचं पुढे काय झालं, हा दुसरा. या व्याख्यानाला हा विषय घेतला तो या दुसऱ्या प्रश्नासाठी.

माणूस इथे फार आधीपासून आहे. सांता क्रूझ प्रांतात पिंतुरास नदीच्या घळीत 'हातांची गुहा' आहे. हात भिंतीला टेकवून, हाडाच्या पोकळ नळीतून रंग फुंकून उमटवलेले शेकडो पंजे तिथे आहेत. बहुतेक डावे, कारण उजव्या हातात नळी धरलेली. त्यातले जुने पंजे नऊ हजार वर्षांपूर्वीचे तरी आहेतच. १९९९ मध्ये युनेस्कोने या गुहेला जागतिक वारशात घेतलं. पंज्यांच्या शेजारी ग्वानाकोंच्या शिकारीची चित्रं आहेत. ग्वानाको म्हणजे उंटाचा कुबड नसलेला, हडकुळा, चपळ भाऊबंद. मांस, कातडं, तंबू, दोरी सगळं त्याच्यापासून.

पूर्वेच्या माळावर राहणाऱ्या तेवेल्चे लोकांचं घर बघण्यासारखं होतं. रोवलेल्या खांबांवर ग्वानाकोची कातडी शिवून ताणायची, आणि उघडी बाजू ठेवायची पूर्वेला. वारा पश्चिमेचा, म्हणून दार पूर्वेला. थंडीसाठी कोवळ्या ग्वानाकोच्या कातड्यांची मोठी शाल. केसाळ बाजू अंगाला आणि बाहेरच्या गुळगुळीत बाजूवर रंगवलेली नक्षी.

दक्षिणेच्या खाड्यांमध्ये यागान लोक होते. त्यांचं घर म्हणजे होडी. बीचच्या जातीतल्या झाडाची साल सोलून, तिचे तुकडे शिवून केलेली. तिच्या मधोमध वाळू-मातीचा थर, आणि त्या थरावर सतत पेटता ठेवलेला विस्तव. सालीच्या होडीत विस्तव! पुढे पुरुष भाला घेऊन सील शोधत उभा, मध्ये मुलं विस्तव सांभाळत आणि आत येणारं पाणी उपसत, मागे वल्हं घेऊन बाई. होडी काठाला घासून फाटू नये म्हणून माणसं उतरवून झाली की बाई ती पुन्हा आत नेई, समुद्रशेवाळाच्या दाट जाळ्याला बांधी आणि त्या बर्फगार पाण्यातून पोहत किनाऱ्याला येई. पोहणं बायकांचं काम. पुरुषांना सहसा पोहता येत नसे. शिंपले काढायला बुड्या मारायच्या त्याही बायकांनीच. अंगावर कपडा जवळपास नाही, सीलची चरबी चोपडलेली. युरोपियनांना या उघडेपणात रानटीपणा दिसला. ज्या हवेत भिजलेला कपडा दिवसभर वाळत नाही तिथे उघडं, तेलकट अंग आणि हाताशी विस्तव हीच शहाणपणाची सोय होती. १५२० मध्ये मॅगेलनच्या माणसांनी रात्री दक्षिण किनाऱ्यावर पाहिलेल्या जाळांवरूनच बेटाचं नाव पडलं: तिएरा देल फुएगो, अग्नीची भूमी.

या मॅगेलनचा आपल्या किनाऱ्याशी संबंध आहे. १५०५ मध्ये अल्मेइदा या पोर्तुगीज सरदाराच्या आरमारातून तो हिंदुस्थानात आला आणि पुढची काही वर्षं पोर्तुगिजांच्या लढायांत इथेच वावरला. मग पोर्तुगालच्या राजाशी बिनसल्यावर स्पेनची नोकरी धरून तो पश्चिमेकडून मसाल्याच्या बेटांचा रस्ता शोधायला निघाला. १५२० चा हिवाळा त्याने सान हुलियानच्या खाडीत काढला. तिथे भेटलेल्या उंच लोकांना त्याने 'पातागोन' म्हटलं. त्या काळच्या एका स्पॅनिश शौर्यकथेत याच नावाचा राक्षसी जीव आहे, नाव बहुधा तिथूनच आलं. बरोबरच्या पिगाफेत्ताने त्यांचं वर्णन राक्षस म्हणून लिहिलं आणि पुढची अडीचशे वर्षं युरोपचे नकाशे ते खरं मानत राहिले. तेवेल्चे पुरुष उंच होते, इतकंच. पण माणसाला आधी राक्षस म्हटलं, मग रानटी, आणि शेवटी तो तिथे नाहीच असं म्हटलं, की त्याची जमीन घेणं सोपं होतं. पॅटागोनियाचा पुढचा चारशे वर्षांचा इतिहास या क्रमानेच गेला आहे.

१५८४ मध्ये सार्मिएंतो द गांबोआने सामुद्रधुनीवर स्पेनच्या दोन वसाहती उभारल्या. तीन वर्षांनी इंग्रज दर्यावर्दी कॅव्हेंडिश तिथून गेला तेव्हा मोजकी माणसं जिवंत होती, बाकीची उपासमारीने मेली होती. त्याने त्या जागेला दुष्काळाचं बंदर म्हटलं. आणि त्याच पाण्यांत सालीच्या होड्यांतून हिंडणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या शिंपले, सील आणि मासे खाऊन जगत होते. भूमी उपाशी ठेवणारी होती की येणाऱ्यांना तिची रीत ठाऊक नव्हती, याचं उत्तर त्या एका किनाऱ्यावर आहे.

'बीगल' जहाजावरून आलेल्या डार्विनने १८३० च्या दशकात हे सगळं पाहिलं. पॅटागोनियाच्या माळांवर नापीकपणाचा शाप आहे असं त्याला वाटलं, तरी तेच माळ पुढे आठवणीतून जात नाहीत हेही त्याने लिहिलं. फुएगोच्या लोकांबद्दल मात्र तो चुकला. त्यांची भाषा शब्दांत गणावी इतपतही नाही असं त्याचं मत झालं. त्याच भाषेचा कोश थॉमस ब्रिजेस या मिशनऱ्याने पुढे केला. तेराव्या वर्षी तो फॉकलंडमधल्या एका बेटावर आला, यागान लोकांच्या संगतीत त्यांची बोली शिकला, आणि १८९८ मध्ये वारला तेव्हा त्याच्या हस्तलिखितात सुमारे ३२ हजार शब्द होते. कोश छापून आला तो १९३३ मध्ये. तोवर ते शब्द बोलणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरत चालली होती.

१८८४ मध्ये अर्जेंटिनाचं आरमार उशुआइयाला आलं, निशाण लागलं, आणि पाठोपाठ गोवर आला. त्या वर्षी ब्रिजेसच्या गणतीत यागान सुमारे हजार होते. दोन वर्षांनी चारशेही उरले नव्हते.

उत्तरेला चुबुत नदीच्या खोऱ्यात घडलं ते थोडं वेगळं, आणि म्हणून त्यावर थांबायला हवं. इंग्रजांच्या राज्यात आपली वेल्श भाषा मरते आहे, या धास्तीने सुमारे दीडशे वेल्श स्त्री-पुरुष-मुलं 'मिमोसा' नावाच्या जहाजातून निघाली आणि २८ जुलै १८६५ रोजी आज पुएर्तो माद्रिन आहे तिथे उतरली. ऐन हिवाळा, प्यायला गोडं पाणी नाही, आणि खोऱ्यापर्यंत चालत जायचं तर साठेक किलोमीटर. खाणकामगार, शिंपी, सुतार असे बरेच. शेती जाणणारे थोडे. पहिल्या दोन वर्षांत पिकं वाळून गेली. वाचले ते दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे तेवेल्चे. त्यांनी शिकार शिकवली, 'बोला' हे दोरीला गोळे बांधलेलं शिकारीचं हत्यार फेकायला शिकवलं, कातडी आणि शहामृगासारख्या रियाची पिसं देऊन बदल्यात पाव नेला. दुसरी गोष्ट पाटाची. नदीचं पाणी शेतापेक्षा उंच वाहतं आहे हे रेचेल जेन्किन्स नावाच्या बाईच्या ध्यानात आलं, तिच्या नवऱ्याने चर खणला आणि पाणी गव्हात सोडलं, अशी तिथली आठवण आहे. पुढे त्या खोऱ्यात पाटांचं जाळं पसरलं. बांधाला पॉप्लरच्या रांगा लावल्या, वारा अडवायला. गायमान आणि त्रेलेव या गावांच्या शाळांत आजही वेल्श शिकवली जाते.

एका भाषेला वाचवायला आलेली माणसं दुसऱ्यांच्या जमिनीवर उतरली, हे खरं. पण तिथे दोन्ही समाज एकमेकांना ओळखत होते, एकमेकांच्या भाषेतले चार शब्द बोलत होते. म्हणून पुढचा प्रसंग अधिक लागतो.

१८७९ पासून अर्जेंटिनाच्या सैन्याने जनरल रोकाच्या आज्ञेने दक्षिणेची मोहीम काढली. तिचं अधिकृत नाव होतं 'वाळवंटावरचा विजय'. हजारो लोक राहत असलेल्या प्रदेशाला वाळवंट म्हटलं होतं, ही गोष्ट नावातच लपलेली आहे. १८८५ पर्यंत मोहीम संपली. पकडलेल्या कुटुंबांना तळांवर कोंडलं, पुरुष एकीकडे, बायका घरकामाला, मुलं वाटून दिली. लहानपणी 'मिमोसा'वर आलेला जॉन डॅनियल इव्हान्स एकदा वालचेता इथल्या तळाजवळून जात होता. तारेच्या कुंपणाआडून कुणीतरी हाक मारली: बारा, बारा. वेल्शमध्ये बारा म्हणजे पाव. हाक मारणारा त्याचा लहानपणचा तेवेल्चे सवंगडी होता. थोडं खाणं इव्हान्सने त्याला दिलं, पुढे पैसे घेऊन त्याला सोडवायलाही तो परत गेला. तोवर मित्र मेला होता. हे त्याने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे.

इनाकायाल नावाच्या म्होरक्याचं काय झालं तेही सांगायला हवं. फ्रान्सिस्को मोरेनो हा प्रवासी भूगोलज्ञ, ज्याच्या नावाने आजची प्रसिद्ध हिमनदी ओळखली जाते, तो या इनाकायालचा पाहुणा होऊन राहिला होता. मोहिमेत इनाकायाल पकडला गेला. मोरेनोने खटपट करून त्याला कैदेतून काढलं आणि ला प्लाता इथल्या आपल्या संग्रहालयात आणून ठेवलं. १८८८ मध्ये तिथेच तो वारला, आणि त्याचा सांगाडा त्याच संग्रहालयात मांडला गेला. १९९४ मध्ये त्याची हाडं चुबुत प्रांतातल्या तेका गावी परत नेऊन पुरली; उरलेले अवशेष जायला २०१४ उजाडलं. मोरेनोने उपकार केला की अपमान, यावर अर्जेंटिनात अजून वाद आहे. यजमानाला कपाटात मांडणं याला उपकार म्हणता येत नाही.

मोकळ्या केलेल्या जमिनीवर मेंढ्या आल्या. १८७७ मध्ये फॉकलंडहून तीनशे मेंढ्या सामुद्रधुनीतल्या इसाबेल बेटावर उतरवल्या, तिथून हा धंदा वणव्यासारखा पसरला. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या एका मेंढपाळ कंपनीच्या ताब्यात तिएरा देल फुएगोच्या चिलीकडच्या भागात दहा लाख हेक्टरहून अधिक कुरण गेलं. त्या बेटावर सेल्कनाम राहत. तीन-साडेतीन हजार असावेत. कुंपणं आली, ग्वानाको हटले. सेल्कनामांनी मेंढ्या मारायला सुरुवात केली. ते त्यांना पांढरे ग्वानाको म्हणत. मग माणसांची शिकार सुरू झाली. मारलेल्या माणसाच्या कानांच्या जोडीवर बक्षीस मिळे. १८८९ मध्ये पकडून नेलेले सेल्कनाम पॅरिसच्या प्रदर्शनात पिंजऱ्यातल्या प्राण्यांसारखे दाखवले गेले. जे वाचले त्यांतल्या अनेकांना डॉसन बेटावरच्या मिशनमध्ये नेलं. तिथे क्षयाने शेकडो मेले आणि १९११ मध्ये माणसंच न उरल्याने मिशन बंद झालं. मार्टिन गुसिंडे हा पाद्री-मानववंशज्ञ १९१९ मध्ये मोजायला आला तेव्हा सेल्कनाम तीनशेच्या आत होते.

मेंढ्यांच्या त्या राज्यात पुढे मजुरांचीही गत फार बरी नव्हती. चिलोए बेटावरून आलेले गरीब कामगार, युरोपातून आलेले अराजकवादी, सगळ्यांनी १९२० मध्ये सांता क्रूझमध्ये संप केला. त्यांच्या मागण्या बघाव्यात: सोळा चौरस मीटरच्या खोलीत तिघांहून जास्त माणसं झोपवू नयेत, महिन्याला मेणबत्त्यांचं एक पुडकं द्यावं, आणि औषधाच्या पेटीवरच्या सूचना इंग्रजीऐवजी स्पॅनिशमध्ये असाव्यात. लेफ्टनंट कर्नल वारेलाच्या पलटणीने संप मोडला. ओस्वाल्दो बायेर या इतिहासकाराच्या अंदाजाने दीड हजारांच्या आसपास मजूर गोळ्या घालून मारले गेले.

आणि शेवटी माळच बोलला. शंभर वर्षांच्या चराईने गवताची मुळं उघडी पडली, वाऱ्याने माती उडवली. १९९१ मध्ये हडसन ज्वालामुखीची राख पडली, मेंढ्यांचे कळप मेले, आणि सांता क्रूझमधली कित्येक मेंढपाळ ठाणी कुलूप लावून लोक निघून गेले. ज्या भूमीला वाळवंट म्हणून जिंकलं, ती जिंकल्यानंतर वाळवंट होऊ लागली.

आता तिकडे वाऱ्याचीच शेती चालू आहे. पुन्ता आरेनासजवळ वाऱ्यावरच्या विजेपासून कृत्रिम इंधन बनवणारा कारखाना २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला, आणि आणखी मोठे प्रकल्प आखले जात आहेत. वारा आयता आहे, तो वापरावा हे बरोबरच. पण जमीन मोकळी आहे, कुणाची नाही, हे वाक्य पुन्हा कानावर आलं तर इतिहास जाणणाऱ्याने तिथेच थांबवावं. २०१९ मध्ये बीगल खाडीत सॅमन माशांची शेती येऊ घातली तेव्हा पुएर्तो विल्यम्सच्या यागान लोकांनी ती होऊ दिली नाही. ते तिथे आहेत.

क्रिस्तिना काल्देरोन ही यागान मातृभाषा म्हणून बोलणारी अखेरची बाई. १९२८ मध्ये जन्मली, नावारिनो बेटावर गवताच्या टोपल्या विणत राहिली, नातीच्या मदतीने आपल्या लोकांच्या कथा छापल्या, आणि १६ फेब्रुवारी २०२२ रोजी ९३ व्या वर्षी वारली. त्या वेळी तिची मुलगी लिदिया गोन्सालेस चिलीच्या नव्या राज्यघटनेच्या सभेत यागान लोकांची निवडून आलेली प्रतिनिधी म्हणून बसली होती.

सेल्कनाम तर कित्येक पुस्तकांत 'नामशेष' आहेत. अर्जेंटिनाच्या २०१० च्या शिरगणतीत अडीच हजारांहून अधिक लोकांनी आपली नोंद सेल्कनाम म्हणून केली. २०२३ मध्ये चिलीच्या संसदेने कायदा करून त्यांना देशातल्या मूळ समाजांमध्ये घेतलं. मराठी पाठ्यपुस्तकांत, कोशांत, मासिकांत जिथे जिथे त्यांच्या नावापुढे 'नामशेष' छापलेलं असेल, तिथे तो शब्द पुढच्या आवृत्तीत खोडावा, एवढी विनंती इथे बसलेल्या शिक्षकांना आणि संपादकांना आहे.